शेताखालून चालणारं पाणी

शेवटच्या तळ्याच्या काठावर एक बाकडं आहे, आणि त्या बाकड्यावर बसलं की थोरलीला झोप येते. ही काही लपवायची गोष्ट नाही, फार्मवर सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळची कामं उरकली, शेडखालच्या हौदांची बुचं काढून झाली, मैला वाहत जाऊन चाळणयंत्राला लागला, की दुपारच्या सुमारास ती इथं येऊन टेकते, तळ्यातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खांबाकडे बघते, आणि बघता बघता तिची मान खाली जाते. डुकरं त्या वेळी झोपलेलीच असतात. मैल्याच्या गॅसचा मोठा रबरी फुगा उन्हानं टम्म होऊन सावकाश वरखाली होत असतो. अशा वेळी जागं राहणं हाच खरं तर आगाऊपणा.

नाव तिला होतं, नाही असं नाही. पण आबांना दोनच मुली, त्यामुळे घरात एक थोरली आणि एक धाकटी, आणि तेच पुढे फार्मभर झालं. आता तिच्या केसांत पांढरे केस मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल, तरी ती थोरलीच.

डुकरांच्या फार्मवर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही डुकरं सांभाळते. डुकरं सांभाळायला बाकीचे आहेत. थोरली सांभाळते ते डुकरांच्या खालचं. शेडची जमीन फटीफटींची असते. वर जनावरं खातात, पितात, लोळतात, आणि जे काही व्हायचं ते फटींतून खालच्या हौदात जातं. एवढ्या मोठ्या फार्मवर ते रोज एखाद्या गावाएवढं होतं, आणि ते कुठंतरी जावंच लागतं. चाळणयंत्रात त्याचा चोथा पिळून निघतो. तो छपराखाली पेंढ्यात मिसळून ढीग लावायचे. ढीग आतून तापतात, कुजतात, आणि पुढे त्यांचं काळंभोर मऊ खत होतं. उरलेलं पाणी गॅसच्या टाकीत, तिथून पहिल्या तळ्यात, मग मधल्या, मग शेवटच्या, आणि तिथून नळीनं शेतांना. शेताला केव्हा द्यायचं हे थोरली ठरवते. पाऊस येणार असेल तर नाही, माती टाचेला चिकटत असेल तर नाही, वारा वस्तीकडे असेल तर नाही. तिच्या ‘नाही’पुढे मालकसुद्धा हात टेकतात.

वासाचं म्हणाल तर तिच्या नाकानं केव्हाच राजीनामा दिला आहे, असं तिचा नवरा म्हणतो. तो फार्मचाच वायरमन, आणि स्वतःच्या नाकाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. दोघं बाजारात गेली की रांगेत त्यांच्यापुढची माणसं आपोआप पुढे सरकतात आणि मागची मागे. नवरा म्हणतो, एवढी ऐसपैस जागा राजाला मिळत नसेल.

पहिलं तळं तपकिरी आणि दाटसर. त्यावर बुडबुडे येतात आणि फुटतात, आत कुणी मनातल्या मनात बडबडत असावं तसे. मधलं करडं, गप्प. शेवटचं हिरवट आणि निवांत. त्यावर बारीक बारीक पानांची साय धरते, आणि थंडीच्या सकाळी त्याच्यावरून वाफ निघत असताना कधीकधी बदकं उतरतात. बदकांना काय ठाऊक हे पाणी कुठून आलंय. त्यांना ते तळंच वाटतं. बाकड्यावर डोळे मिटताना थोरलीलाही तसंच वाटतं, आणि त्यात तिला सुख असतं.

हे काम तिला आबांकडून आलं. फार्म उभा राहिला तेव्हा उताराखालच्या वस्तीत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. वरून खाली येणार ते काय येणार, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. आबांचं स्वतःचं घर उताराच्या अगदी पायथ्याशी, विहिरीसकट. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की तळी मी सांभाळीन आणि रोज सकाळी माझ्या विहिरीचं पाणी तुमच्यादेखत पिईन. ज्या सकाळी पिणार नाही, त्या सकाळी सगळे मिळून फार्म बंद करायला चला. आणि खरंच, गमबूट चढवून ते अंगणात उभे राहायचे, कडेला पोचा आलेल्या स्टीलच्या पेल्यानं घटाघटा पाणी प्यायचे, मनगटानं तोंड पुसायचे आणि उतार चढून कामाला जायचे. येणारेजाणारे बघत. हळूहळू आठ्या गेल्या, आणि बघणंही गेलं. पण पेला राहिला. आबा गेले, घराला कुलूप लागलं, थोरली वर फार्मच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली, तरी रोज सकाळी ती खाली यायची, विहिरीची मोटार लावायची, आबांच्या पेल्यानं पाणी प्यायची आणि मगच तळ्यांवर जायची. एखादे दिवशी उशीर झाला तर वस्तीतली कुणीतरी बाई हटकायची, आज प्यायलीस ना गं?

पाणी गोड होतं, ही त्यातली आणखी एक गंमत. उन्हाळ्यात बाहेरून येणारी माणसं मुद्दाम मागून प्यायची.

आणि ओढा. फार्मच्या कडेनं वाहणारा ओढा आबांनी डोळ्यांत तेल घालून जपला. काठानं गवताचा रुंद पट्टा सोडला, झाडं लावली, त्या पट्ट्यात नळीचं तोंडसुद्धा वळू दिलं नाही. त्यांच्या हयातीत मैल्याचा एक थेंब ओढ्यात गेला नाही, आणि थोरलीच्या काळातही नाही. जे जे डोळ्यांना दिसत होतं ते सगळं बापलेकीनं जपलं.

राहिलं ते वरचं शेत. तळ्यांपासून पंपाशिवाय, नुसत्या उतारानं पाणी जाईल असं ते एकच शेत होतं, घराच्या बरोबर वरचं. वीज जावो, पंप रुसो, त्या शेताला पाणी जायचंच. लांबच्या शेतांपर्यंत नळ्या ओढत न्यायचा कंटाळा कुणाला येत नाही? माती कोरडी आहे, वारा उलटा आहे, पाऊस लांब आहे, म्हणजे सगळे नियम पाळले. मग सोडा वरच्या शेताला. ते शेत असं गर्द हिरवं व्हायचं की सायकलवरचा माणूस पाय टेकवून बघायचा. आबांना त्याचा केवढा अभिमान. इतकं काळपट हिरवं म्हणजे पिकाला हवं त्याहून जास्त मिळतंय आणि उरलेलं खाली चाललंय, हे थोरलीला पुढे फार्मनं पाठवलेल्या प्रशिक्षणात कळलं. पण कळलं ते दुसऱ्यांच्या शेतांबद्दल. आपल्या शेताकडे बघताना माणूस वेगळे डोळे लावतो.

हे सगळं असंच चाललं असतं, पण धाकटीचा फोन आला.

धाकटी लांबच्या शहरात असायची. आबा गेल्यापासून बहिणी एकमेकींना पाहुण्यांसारख्याच भेटत होत्या. कपबशी पुढे करायची, तब्येत विचारायची, आणि निघताना फाटकापाशी दोघींचे डोळे भरायचे. धाकटीनं आणि तिच्या नवऱ्यानं फार वर्षं वाट बघून एक बाळ दत्तक घेतलं होतं, अगदी तान्हं. फोनवर तिचा आवाजच वेगळा लागला. ती म्हणाली, ताई, आम्ही आबांच्या घरी येतोय राहायला, कायमचे. थोरलीला मूलबाळ नव्हतं, बहिणीशिवाय रक्ताचं कुणी नव्हतं, आणि आता रोज सकाळी त्या अंगणात कुलूप नाही, माणसं असणार होती. त्या रात्री ती नवऱ्याला दोनदा उठवून तेच ते सांगत राहिली.

पुढचं धाकटी जरा लाजत बोलली होती. बाळ बाटलीवर होतं, पावडरच्या दुधावर. म्हणजे मुख्यतः पाण्यावरच, ती म्हणाली. मग ते पाणी आबांच्या विहिरीचं असू दे. रक्ताचं नसेना, पाण्याचं तरी नातं होऊ दे.

थोरली दुसऱ्याच दिवशी घर उघडायला गेली. खिडक्या पुसल्या, गाद्या उन्हात टाकल्या, जाळी काढली, आणि शेवटी विहिरीपाशी आली. तिच्या खिशात पाण्यातलं नायट्रेट दाखवणाऱ्या तपासपट्ट्यांची डबी असते. फार्मच्या सगळ्या विहिरींना ती नेमानं पट्टी लावते. पट्टी पाण्यात बुडवायची, थोडं थांबायचं, आणि रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आबांच्या विहिरीला मात्र पट्टी कधी लावलीच नव्हती. तिथं पेला होता ना. आज बाळासाठी म्हणून, जवळजवळ लाडानं, तिनं एक पट्टी बादलीत बुडवली.

पट्टी आधी फिकी गुलाबी झाली. मग गडद. मग इतकी गडद, की डबीवरच्या शेवटच्या, धोक्याच्या रंगापाशी नेली तर कोणती कोणती हे कळेना.

तिनं दुसरी लावली, तिसरी लावली. मग बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली, आणि प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं तिला न बोलावता आठवलं. मैल्यातून पाण्यात झिरपणाऱ्या नायट्रेटला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही. पण बाटलीवरच्या तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू पोचेनासा होतो, ओठ निळे पडतात, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर बाळ हाती लागत नाही. उकळून उपयोग नसतो. उकळलं की पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, उलट जास्त दाट होतं. आणि शेवटचं, जे तिनं तेव्हा नुसतं ऐकलं होतं: जमिनीखालचं पाणी फार हळू चालतं. आज वर ओतलेलं खाली पोचायला वर्षांमागून वर्षं जातात.

म्हणजे आज जे पोचत होतं ते तिनं सोडलेलं नव्हतं. ते आबांनी सोडलेलं पाणी होतं. तिचं अजून वाटेवर होतं.

त्याच दिवशी तिनं वरच्या शेताकडे जाणारी झडप बंद केली आणि मालकांना सांगितलं. मालकांनी नळ्या लांबच्या शेतांना ओढायला माणसं दिली, वस्तीतल्या सगळ्या विहिरी तपासायलाही सांगितल्या. बाकीच्या विहिरी ठीक निघाल्या. त्या शेताच्या बरोबर खाली अशी एकच विहीर होती.

पण धाकटीला सांगायचं राहिलं. रोज फोन यायचा, रोज थोरली श्वास घ्यायची, आणि धाकटी पलीकडून बाळाच्या जांभईबद्दल बोलायला लागायची. सांगितलं तर ती येणार नाही, ही एक भीती. आणि दुसरी त्याहून मोठी: आबांना ती काय म्हणेल. थोरली मूग गिळून बसली. स्वतःचा राग येत असूनही बसली.

बाकड्यावर आता तिला झोप आली की एकच स्वप्न पडायचं. वरच्या शेताखाली, मुळांच्या छताखालून, आबा चालताहेत. पायांत गमबूट, हात मागे बांधलेले. त्यांच्या बाजूनं पाणी चाललंय, बोटभर रुंद, आवाज न करता, आणि आबा त्याच्या चालीनं चालताहेत, म्हणजे जवळजवळ उभेच आहेत. मधेच थांबतात, पाण्याला पुढे होऊ देतात. माती ऊबदार आहे, मुळांना बारीक पांढरे केस आहेत, कुठंतरी गांडूळ कूस बदलतं. थोरली वरून हाक मारते, आबा, परत फिरा. आणि आबा मान वर करून, कौतुकानं हसून म्हणतात, आलोच गं, आता काय, पोचलोच. तिला जाग यायची तेव्हा तळ्यावर बदकं असायची आणि गॅसचा फुगा वरखाली होत असायचा, आणि जागं होऊनही काही वेळ तिला पायाखाली कुणी चालत असल्यासारखं वाटायचं.

शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. वायरमनच तो, त्याचे तोडगे तारेतूनच जाणार. विहिरीच्या मोटारीचा फ्यूज काढून ठेवू, म्हणाला. मोटार जळली म्हणून सांग, आणि वरच्या बोअरचं पाणी रोज कॅननं पोचवू. फार्मची ती बोअर शेडच्या वरच्या अंगाला, खोल खडकात होती. तिची पट्टी कधी गुलाबी झाली नव्हती. मोटार दुरुस्त व्हायला फार्मवर किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, तोवर पोरगं चालायला लागेल, असं तो म्हणाला. थोरलीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून लाज वाटली. पण धाकटी यायच्या दिवशी सकाळी फ्यूज काढू दिला.

धाकटी आली त्या दुपारी उतारावर धुकं नव्हतं, पण ऊनही पुरतं नव्हतं. सगळं दुधातून बघितल्यासारखं होतं. धाकटीच्या नवऱ्यानं सामान उतरवलं आणि उरलेलं आणायला तो त्याच गाडीनं परत गेला. बाळ थोरलीच्या हातात आलं. ते अगदीच हलकं होतं, आणि त्यानं झोपेतच तिचं बोट धरलं. थोरलीला वाटलं, सांगू नये. काहीही सांगू नये, नुसतं असंच उभं राहावं.

मोटारीचं ऐकून धाकटीला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती उलट खूश झाली. माळ्यावरून आबांची जुनी दोरी आणि बादली काढून आणली, विहिरीत सोडली, आणि लहानपणी कोण जास्त भरलेली बादली काढतं यावरून दोघी कशा भांडायच्या हे सांगत सांगत बादली वर ओढली. पाणी सांडलं, पायांवर आलं, ती हसली. वरचं पाणी आणलंय, कॅन दाराशीच आहे, असं थोरली म्हणाली. धाकटी म्हणाली, ते अंघोळीला होईल.

मग पेला आला. धाकटीनं तो फडताळातून शोधून काढला होता, घासून लख्ख केला होता. तो भरून तिनं थोरलीपुढे धरला. आबांसारखं पिऊन दाखव, म्हणाली, बाळाच्या देखत. थोरलीनं पेला हातात घेतला. प्यायलं तर तिला काहीच धाड भरणार नव्हती. कालही प्यायली होती, सवयीनं. पण आज पिणं म्हणजे वेगळंच झालं असतं. तिनं पेला कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, आत्ता नको, घसा धरलाय. खोटं तिला कधी जमलं नाही. चेहऱ्यावर लगेच दिसतं.

धाकटीनं तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिला वेगळंच वाटलं. तळ्यावर इतकी वर्षं काढून ताईला आता पाण्याची किळस येत असेल, असं काहीतरी. ती समजूतदारपणे म्हणाली, अगं, मी काय वेडी आहे का, चांगलं खळखळ उकळून घेणार आहे. आणि बादली घेऊन आत गेली.

आता थोरलीनं नुसतं गप्प बसायचं होतं. पेला प्यावा लागणार नव्हता, खोटं बोलावं लागणार नव्हतं. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. पातेल्यात पाणी गुणगुणायला लागलं. बाळ जागं झालं, ओठ हलवायला लागलं, मग कुरकुरायला, मग भुकेनं लालबुंद होऊन रडायला. थोरली दारात उभी राहून बघत होती. धाकटीनं पाणी पुष्कळ वेळ उकळू दिलं, जास्तच उकळू दिलं, काळजीनं. मग निववलं. बाटलीत भरलं, पावडर टाकली, झाकण लावलं, आणि बाटली हलवत बाळाजवळ आली.

थोरलीनं तिचं मनगट धरलं.

“नको देऊस ते.”

“सोड ना ताई, भूक लागलीय त्याला.”

“त्या पाण्यानं जीव जाईल त्याचा.”

मग तिनं सांगितलं. उभ्याउभ्या, बाळाच्या रडण्यावरून आवाज चढवत, सगळं. पट्टीचं, प्रयोगशाळेचं, उकळण्याचं, वरच्या शेताचं. मोटारीला काही झालेलं नाही हेसुद्धा सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आपण आबांचा पेला दोन्ही हातांनी चेपतोय.

धाकटी बाटली धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा आधी बाळाचा झाला, म्हणजे आता रडेल असा, आणि मग एकदम म्हातारा झाला.

“आबांनी सोडलेलं?”

“आत्ता येतंय ते आबांचं. मागून माझं येतंय.”

“तुला किती दिवस माहितेय?”

“तू सामान बांधत होतीस तेव्हापासून.”

“रोज फोन करत होते मी तुला.”

धाकटीनं मोरीत बाटली उपडी केली. दूध पांढरं होऊन वाहत गेलं. मग तिनं विचारलं, हे कधी स्वच्छ होणार? थोरली म्हणाली, आता वरून सोडणं बंद केलंय. तो शाळेत जायला लागेल तोवर होईल, कदाचित त्याहूनही उशीर. धाकटीनं बाळाला उचललं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

थोरली दाराशी आली तर सकाळी ठेवलेला कॅन आडवा झाला होता. सामान आत आणताना कुणाचा तरी पाय लागला असावा. झाकण सैल होतं, पायरी ओली होती, आणि कॅनमध्ये तळाशी घोटभर उरलं होतं. ती शिव्या द्यायला कुणाला शोधणार, कॅन उचलून उतार चढायला लागली.

वाटेत वरचं शेत लागलं. ते अजूनही तसंच होतं, गर्द, जाड, वाऱ्यात सावकाश हलणारं, आणि तिला पहिल्यांदा ते आजारी वाटलं. ती कडेकडेनं चालली, पण पावलं हलकी टाकत. खाली कुणाची झोप मोडायला नको असं. त्या दुधट उजेडात तिला खरंच वाटलं, की आपण वर चाललोय आणि आबा खाली चाललेत, आणि आत्ता या क्षणी बरोबर एकमेकांच्या वर आणि खाली आहोत. ती थांबली. आबा, ती मनात म्हणाली, तुम्ही चांगलंच वागलात आणि तरी हे झालं, आणि मी तिला सांगितलं. खालच्या घरातून बाळाचं रडणं स्पष्ट येत होतं, आणि ती पळायला लागली. त्या वयाच्या, गमबूट घातलेल्या बाईनं जसं पळावं तसं.

बोअरचा नळ सोडून तिनं कॅन विसळला, भरला, झाकण आवळलं. शेडमध्ये डुकरं उठत होती. खाणं येण्याची वेळ झाली की त्यांना कळतं. नवरा मीटरच्या खोलीतून डोकावला. तिनं नुसतं सांगितलं, फ्यूज परत लाव, सांगून टाकलंय. त्यानं काही विनोद केला नाही. कॅनची दुसरी बाजू धरायला आला, पण तिनं नको म्हटलं.

उतरताना कॅन पायावर आपटत होता आणि हाताला रग लागली होती, पण तिनं हात बदलला नाही. तिला दिसत होतं ते बंद दार. गाडी परत आली की धाकटी आणि बाळ सामानासकट निघून जातील, याची ती मनाची तयारी करत होती, आणि ती होत नव्हती. बाळ जगणार होतं, एवढं झालं होतं. एवढ्यानं भागायला हवं, असं ती स्वतःला बजावत होती, आणि तिला रडू येत होतं.

अंगणात पोचली तेव्हा रडणं थांबलं होतं. तिनं कॅन पायरीवर ठेवला. दार वाजवावं की नाही, हे तिला ठरवता येईना. मग कडी निघाली.

धाकटीच्या खांद्यावर बाळ होतं, उचक्या देत, स्वतःची मूठ चोखत. धाकटीचे डोळे सुजले होते. तिच्या दुसऱ्या हातात आबांचा पेला होता, रिकामा. ती वाकली, बाळाला सांभाळत तिनं कॅनचं झाकण काढलं, पेला भरला आणि थोरलीपुढे धरला.

“आधी तू.”

“अगं, पिऊन काही कळत नसतं. आबांना तरी कुठं कळलं?”

“माहितेय मला,” धाकटी म्हणाली. “तरी पी.”

थोरलीनं पेला घेतला. बोअरचं पाणी जड होतं, त्याला खडकाची चव होती, आबांच्या पाण्याचा गोडवा त्यात काही नव्हता. ती ते सगळं प्यायली आणि तिनं मनगटानं तोंड पुसलं. धाकटीनं तिच्या हातातून पेला काढून घेतला, कॅन आत ओढला आणि गॅस पेटवला.

“उद्या लवकर आण,” ती आतून म्हणाली. “हा पहाटेच उठतो.”